बिलाच्या तळाशी

2025 च्या दिवाळीआधीचा शनिवार, डोंबिवलीतलं एक किराणा मार्ट. रांगेत पुढे असलेल्या काकूंचं बिल झालं, दोन हजार नऊशे. मशीनमधून निघालेलं लांबलचक चिटोरं त्यांनी हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, तळाच्या बारीक चौकटीवर बोट ठेवलं आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "जीएसटी कमी झाला म्हणतात ना गं सगळीकडे? मग बिल तेवढंच कसं?" मुलगी मान वर न करता म्हणाली, "मशीनच लावतं काकू, आमच्या हातात नसतं." मागून कुणीतरी घसा खाकरला. काकूंनी बिलाची घडी करून पर्समध्ये ठेवली, पिशव्या उचलल्या आणि रांग पुढे सरकली. प्रश्न मात्र तिथेच काउंटरवर राहिला, उटण्याच्या पुड्या आणि पणत्यांच्या खोक्यांच्या मध्ये. त्याचं उत्तर होतं, अगदी पैशापर्यंत होतं, फक्त ते द्यायला तिथे कुणाला वेळ नव्हता.

सगळ्यांची गफलत होते ती उलट्या हिशेबात. पुड्यावरच्या छापील किमतीत कर आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे 118 रुपयांच्या वस्तूत 18 टक्के दराने कर 18 रुपये असतो. 118 चे 18 टक्के काढले तर सव्वाएकवीस येतात आणि ते चूक. किंमत गुणिले दर, भागिले शंभर अधिक दर, एवढंच सूत्र. याच कारणाने 22 सप्टेंबर 2025 पासून टूथपेस्ट, साबणाची वडी, शांपू, बिस्किटं 18 वरून 5 वर आली तेव्हा शंभराची वस्तू सत्त्याऐंशीला मिळायला नको होती. ती मिळायला हवी होती 88 रुपये 98 पैशांना. तूप 12 वरून 5 वर आलं, म्हणजे शंभरचे 93 रुपये 75 पैसे. वह्या 12 वरून शून्यावर. बातम्यांतून "तेरा टक्के स्वस्त" ऐकून गेलेल्या माणसाला दुकानात अकरा टक्केच दिसतात आणि त्याला वाटतं, दुकानदाराने मधले दोन खाल्ले. इथे तरी दुकानदार निर्दोष असतो.

आता काकूंची यादी. मध्यमवर्गी घराचा महिन्याचा किराणा साधारण असाच असतो: दोन किलो सुटी तूरडाळ 260, दहा किलो तांदळाची सीलबंद पिशवी 650, पाच किलो साखर 220, दोन लिटर तेल 400, अर्धा किलो चहा 260, साबणाच्या चार वड्या 160, टूथपेस्ट 120, दोन किलो धुण्याची पावडर 240, अर्धा लिटर तूप 340, बिस्किटं 100, पोरांच्या वह्या 150. बेरीज 2,900. सुटी डाळ आणि वह्यांवर शून्य, धुण्याच्या पावडरीवर 18, उरलेल्या सगळ्यावर 5 टक्के. एकूण जीएसटी भरतो 144 रुपयांच्या आसपास, त्यातले 37 एकट्या धुण्याच्या पावडरीचे. (अंगाचा साबण पाचवर आला, कपड्यांची पावडर अठरावरच राहिली. धुणं ही चैन आहे असं बहुधा कुणालातरी वाटत असावं.) हीच यादी जुन्या दरांनी केली असती तर बिल 2,988 झालं असतं. म्हणजे काकूंचे 88 रुपये वाचले. वाचले, पण दिवाळीच्या फराळासाठी एक किलो जास्तीची साखर आणि खोबरं घेतलं की ते कुठे गेले हे कळतही नाही. कारण डाळ, तांदूळ, साखर, तेल, चहा यांचे दर हललेच नव्हते, आणि बिलाचा मोठा वाटा त्यांचाच.

हलले ते छोटे पुडे, आणि तेही किमतीत नाही तर वजनात. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याची किंमत हिशेबाने 4 रुपये 45 पैसे व्हायला हवी. पण पंचावन्न पैसे परत कोण देणार आणि कोण घेणार? म्हणून किंमत पाचच ठेवून बिस्किटं वाढवायची, ही कंपन्यांची सोयीची वाट. तपासायचं असेल तर जुन्या पुड्यावरचं वजन 1.124 ने गुणावं. पन्नास ग्रॅमचा पुडा छप्पन ग्रॅमचा झाला असेल तर फायदा पोचला. बावन्नचा झाला असेल तर चार ग्रॅम वाटेत पडले. पूर्वी याची तक्रार करायला नफेखोरीविरोधी तरतूद होती. 1 एप्रिल 2025 पासून तिथे नव्या तक्रारी घेणं बंद झालं आणि सहा महिन्यांत दरकपात आली. हा क्रम उलटा असता तर बरं झालं असतं. आता 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा.

तांदळाची गोष्ट तर नाटकच. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या सीलबंद, लेबल लावलेल्या धान्यावर 5 टक्के लागले. सुटं घेतलं तर शून्य आणि पंचवीसच्या वर गेलं तरी शून्य. लगेच बाजारात 26 किलोची गोणी अवतरली. ज्याच्या घरी कोठी आहे आणि एकदम सव्वीस किलोचे पैसे काढायची ऐपत आहे, त्याला कर नाही. पाच किलोची पिशवी घेणाऱ्याला आहे. बुद्धी कोणाची म्हणायची?

पण हा सगळा वाद 144 रुपयांचा आहे.

बिलाच्या तळाची ती चौकट छापलेली असते, म्हणून आपण तिच्याशी भांडतो. एकेकाळी कर याहूनही ठसठशीत दिसायचा. मुलुंड, दहिसर, ऐरोली, वाशी इथले जकात नाके आठवून पाहा. पहाटेच्या धुक्यात उभ्या ट्रकांची रांग, डिझेलचा आणि ओल्या ताडपत्रीचा वास, पावत्यांची चवड हलवत धावणारा क्लीनर, नाक्यावरच्या टपरीतला काळा पडलेला चहा. मुंबईत जकात 30 जून 2017 च्या रात्रीपर्यंत टिकली, दुसऱ्या दिवशी जीएसटी आला आणि रांगा विरल्या. ते चांगलंच झालं, त्याबद्दल हळहळ नाही. फक्त एक झालं, की कर रस्त्यावर उभा असलेला दिसायचा, तो पूर्ण कागदात गेला. आणि काही कर तर कागदावरही नाहीत.

मोबाइलचं रिचार्ज घ्या. 299 च्या रिचार्जमध्ये 18 टक्क्यांनी 45 रुपये 61 पैसे कर. घरात तीन फोन म्हणजे 137 रुपये. महिन्याच्या अख्ख्या किराण्याच्या जीएसटीइतकाच! आणि 28 दिवसांचा महिना असल्याने वर्षात ते बारा नव्हे, तेरा वेळा. तेव्हाच्या साडेआठशेच्या गॅस सिलिंडरमध्ये 5 टक्क्यांचे चाळीस. मग विजेचं बिल. विजेवर जीएसटी नाही हे खरं, पण महावितरणच्या बिलावर वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांच्या खाली "वीज शुल्क" नावाची ओळ असते. घरगुती ग्राहकाला 16 टक्के. ती नुसत्या युनिटांवर लागत नाही, स्थिर आकारावरही लागते. मे महिन्यात घराला कुलूप लावून कोकणात गेलात, मीटरचं चाक जागचं हललं नाही, तरी स्थिर आकार येतो आणि त्यावर सोळा टक्के येतात. दोन पंखे, फ्रिज, टीव्ही, गिझर असलेल्या घराची शुल्कापूर्वीची बेरीज 1,800 धरली तर शुल्क 288 रुपये. काकूंच्या बिलातल्या जीएसटीच्या बरोबर दुप्पट. याबद्दल रांगेत कुणी कुणाला विचारल्याचं ऐकिवात नाही.

आणि पेट्रोल. 2025 च्या उत्तरार्धात मुंबई-ठाण्यात लिटरचा भाव होता साडेएकशेतीनच्या घरात. हा आकडा मागून सोलत गेलं की त्याचे पापुद्रे दिसतात. राज्याचा व्हॅट 25 टक्के, वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे अधिभार. 103.50 मधून 5.12 काढले, उरलेल्याला 1.25 ने भागलं, की 78.70 येतात, त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क, एप्रिल 2025 पासूनचं, 21.90. म्हणजे तेल, शुद्धीकरण, वाहतूक आणि पंपवाल्याचं कमिशन मिळून 56.80, आणि दोन्ही सरकारांचा कर 46.70. शंभरातले पंचेचाळीस. यात एक खोच आहे: राज्याचा 25 टक्के व्हॅट केंद्राच्या शुल्कावरही लागतो, म्हणजे लिटरमागे साडेपाच रुपये हा निव्वळ करावरचा कर. त्या 5.12 चीही एक वंशावळ आहे. 2015 मध्ये दुष्काळासाठी दोन रुपये बसले. 2017 मध्ये महामार्गांलगतची दारूची दुकानं न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, महसूल बुडाला, तेव्हा आणखी तीन बसले. दारू पिणाऱ्याकडून येणारे पैसे दुचाकीवाल्याने भरले. वाढत वाढत अधिभार दहाच्या वर गेला, 2022 मध्ये पाच रुपये कमी झाला आणि उरला तो हा. पाऊस पडला, धरणं भरली, अधिभार आपल्या जागी आहे.

एका स्कूटरला महिन्याला पंधरा लिटर म्हटलं तर कर 700 रुपये.

घरातला कमावता पुरुष दरमहा दहा हजारांच्या वर पगार घेत असेल तर व्यवसाय कराचे 200 कापले जातात, फेब्रुवारीत 300, वर्षाचे अडीच हजार. हा कर महाराष्ट्रात 1975 मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या दुष्काळी मजुराच्या हाताला काम द्यायचं, एवढी सरळ आणि देखणी कल्पना होती त्यामागे. पगारपत्रकावरची ती ओळ पाहून आज कुणाला तिची आठवण होत नाही, याचं वाईट वाटतं. पण आज अकरा हजार पगाराचा सुरक्षारक्षकही अडीच हजार भरतो आणि दोन लाख पगाराचा मॅनेजरही अडीच हजारच. वरच्याकडून जास्त घेता येत नाही, कारण राज्यघटनेत 2,500 ची कमाल मर्यादा 1988 मध्ये घातली गेली ती तशीच आहे. स्त्रियांना 2023 पासून पंचवीस हजार पगारापर्यंत माफी मिळाली. पुरुषांची माफी साडेसात हजारांवर संपते. एवढ्या पगारात आता डोंबिवलीत खोलीसुद्धा मिळत नाही.

बेरीज करू. किराणा 144, फोन 137, गॅस 40, वीज 288, पेट्रोल 700, व्यवसाय कर 200. होतात 1,509. पंधराशे हा आकडा महाराष्ट्रातल्या घराघरांत जुलै 2024 पासून वेगळ्याच कारणाने ओळखीचा झाला आहे, आणि हा योगायोग पाहून हसावं की काय करावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लाडक्या बहिणीच्या खात्यात जे येतं ते मेसेजने कळतं, टिंग असा आवाज करून. जे जातं त्याला आवाज नसतो. अर्थात प्रत्येक घराचा हिशेब वेगळा. ज्यांच्याकडे स्कूटर नाही त्यांचे सातशे वजा करा, रेल्वेच्या पासाने जाणाऱ्यांचं या बाबतीत बरं आहे.

वीस हजार मिळकतीच्या घरातून पंधराशे म्हणजे साडेसात टक्के. लाखाची मिळकत असलेलं घर तूप जास्त खातं, एसी लावतं, गाडी चालवतं, त्याचा कर दुप्पट-अडीचपट होतो. मिळकत मात्र पाचपट असते. म्हणून टक्केवारीत ते हलकं सुटतं. हे काही नवं नाही. 1902 साली गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय विधिमंडळात पहिल्यांदा अर्थसंकल्पावर बोलले तेव्हा त्यांनी मिठावरच्या कराला हात घातला होता. तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. गरिबाच्या आणि श्रीमंताच्या पोटात मीठ सारखंच जातं, पण कर गरिबाच्या मजुरीतून मोठा घास काढतो, हा त्यातला मूळ मुद्दा. पुढच्या वर्षी कर दोन रुपयांवर आला, 1907 पर्यंत एका रुपयावर. 1930 मध्ये शिरोड्याच्या मिठागरांत सत्याग्रह झाला. आज मिठावर शून्य कर आहे. आजचं मीठ कुठलं, हा खरा प्रश्न. मला विचाराल तर ते पंपावरच्या नळीतून येतं.

शून्याचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. "अमुक वस्तू करमुक्त करा" ही मागणी सोपी, टाळ्यांची. 27 जुलै 2018 पासून सॅनिटरी पॅडवर 12 वरून शून्य झाले. किंमत बारा टक्क्यांच्या हिशेबाने उतरायला हवी होती, पण तसं होणं शक्यच नव्हतं. पॅडला लागणारा गोंद आणि प्लॅस्टिकची फिल्म यांवर 18 टक्के, लाकडाच्या लगद्यावर तेव्हा 12 टक्के कर उत्पादकाने भरलेला असतो. विक्रीवर कर असेल तर तो आधीचा कर वजा करून मिळतो. विक्री करमुक्त झाली की वजावट बंद, मग तो भरलेला कर गुपचूप किमतीत जाऊन बसतो. बिलावर शून्य, पोटात शून्य नाही. वैयक्तिक आरोग्य विमा आणि आयुर्विमा 18 वरून शून्य झाले त्यातही हीच मेख आहे. कंपनीच्या भाड्यावरचा, दलालीवरचा कर आता तिला वजा करता येत नाही. विजेचंही तेच: कोळशावर आता 18 टक्के, वीज जीएसटीच्या बाहेर, मधला कर युनिटच्या दरात. त्यामुळे कित्येक वस्तूंना शून्यापेक्षा वजावटीसकट पाच टक्के स्वस्त पडतात. हे सभेत सांगून पाहा, लोक उठून जातील.

डिझेलबद्दल मात्र उलटी अतिशयोक्ती चालते. भाजी महागली की "डिझेलवरचा कर" म्हणायची पद्धत आहे. हिशेब करून पाहू. 2025 च्या उत्तरार्धातल्या नव्वद रुपयांच्या डिझेलमध्ये केंद्राचे 17.80 आणि राज्याच्या 21 टक्क्यांचे साडेपंधरा, मिळून तेहेतीस. नाशिकहून वाशी मार्केट पावणेदोनशे किलोमीटर. लिटरला आठ किलोमीटर देणारा, चार टन टोमॅटो भरलेला टेम्पो बावीस लिटर जाळतो. कर सव्वासातशे रुपये, किलोला अठरा पैसे. रिकामा परतला तर छत्तीस. शेत ते बाजार समिती, वाशी ते डोंबिवली ही आगेमागची तंगडतोड धरली तरी रुपयाच्या आत. टोमॅटो वीसचा ऐंशी होतो तो पावसाने. पण महिन्याला पस्तीस-चाळीस किलो भाजी, वर दूध, धान्य, सिमेंट, औषधं, सगळंच टेम्पोने येतं आणि टेम्पोवाल्याला डिझेलवरच्या कराची वजावट कुठेच नाही. तो थेंब थेंब सगळीकडे झिरपतो.

मग करायचं काय? "पेट्रोल जीएसटीत आणा" हे उत्तर तोंडपाठ आहे. राज्यघटनेने दार उघडं ठेवलेलं आहे, जीएसटी परिषदेने तारीख सुचवायचा अवकाश. पण 56.80 वर 40 टक्क्यांचा सर्वांत वरचा दर लावला तरी लिटर होतो साडेएकोणऐंशीला. चोवीस रुपयांचा खड्डा केंद्र आणि राज्य मिळून भरणार कुठून? जीएसटीनंतर राज्याच्या हातात स्वतः ठरवायच्या मोठ्या करांत पेट्रोल-डिझेल, दारू आणि मुद्रांक शुल्क, हेच मुख्य उरले. ते सोडून द्या म्हणणं सोपं आहे. मला त्याआधीचं पाऊल जास्त महत्त्वाचं वाटतं: टक्केवारी काढून लिटरमागे ठरावीक रुपये. कच्चं तेल भडकलं की टक्केवारीने राज्याचा करही आपोआप फुगतो आणि घराला दोनदा चटका बसतो. ठरावीक आकडा असेल तर वाढवायला उघडपणे कारण सांगावं लागेल. आणि अधिभार ज्या कारणासाठी, त्या कारणाबरोबर त्याची मुदत संपावी. सिंधुदुर्गातले लोक बांद्याहून पत्रादेवी ओलांडून गोव्यात टाकी भरून येतात, त्यांना हा विषय कुणी शिकवावा लागत नाही.

विजेचं याहून सोपं. स्थिर आकारावरचं शुल्क काढा, पहिल्या शंभर युनिटांवरचं काढा, वरच्यांवर हवं तर वाढवा. मीटर प्रत्येक घराचं युनिट मोजतोच आहे, गरजू कोण हे शोधायला वेगळा फॉर्म नको. पुरुषांसाठी व्यवसाय कराची माफी पंचवीस हजारांपर्यंत न्या. धान्यावर पंचवीस किलोची रेघ नको. सुटं, बंद, सव्वीस, सगळं एकच. आणि दुकानात जीएसटी क्रमांकाशिवाय किंवा "कॉम्पोझिशन" लिहिलेल्या बिलावर वेगळा जीएसटी लावला असेल तर तो देऊ नये. कॉम्पोझिशन या छोट्या दुकानदारांसाठीच्या योजनेतल्या दुकानदाराला ग्राहकाकडून कर घ्यायची परवानगीच नाही. महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. हॉटेलातला सर्व्हिस चार्ज हा कर नव्हेच. आणि छापील किमतीशेजारी "सर्व करांसह" एवढंच न लिहिता "पैकी कर इतका" असं छापलं तर? कंपन्या म्हणतील, दर बदलला की वेष्टनं वाया जातात. 2025 च्या सप्टेंबरनंतर नव्या किमती छापल्याच की.

त्या शनिवारी मार्टबाहेर पडल्यावर काकू समोरच्या पंपाकडे वळल्या. मुलगा स्कूटर घेऊन रांगेत थांबला होता. पिशव्या पायांत ठेवून त्या मागे बसल्या, नळी टाकीत गेली, उग्र वास आला. "दोनशेचं," मुलगा म्हणाला. पंपावरचा पोऱ्या सवयीने म्हणाला, "झिरो बघा दादा." मुलाने पाहिला. आकडे भराभर पळायला लागले, दोनशेवर थांबले, त्यातले नव्वद कराचे. पोऱ्याने विचारलं, "बिल हवंय?"

"नको," काकू म्हणाल्या, "चल रे, उशीर झाला."